ब्रश चार, माणसं पाच

आमच्या शहराचं शाळा मंडळ सव्वाशे-दीडशे वर्षं जगलं आणि शेवटी स्वतःच्याच बैठकीत हात वर करून स्वतःच्या मरणाचा ठराव पास करून मोकळं झालं. कारण मोठं शहाणपणाचं सांगत होते. शहराभोवतीच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, गोऱ्या वस्त्यांचं मंडळ वेगळं, आणि ते आपली चूल कायमची वेगळी मांडणार अशी कुणकुण लागली होती. आपलं मंडळच उरलं नाही, तर आपली पोरं आपोआप त्यांच्या पदरात पडतील, मग ते नाही कसं म्हणतील, असा आमच्या लोकांचा डाव. पोरं पडली पदरात. वर्षभरात त्या वस्त्यांनी पदरच झटकला आणि आपापली नवी मंडळं काढली. पण ते नंतरचं.

मी सांगतेय ते दोन हजार तेराच्या जूनमधलं. मंडळाचा शेवटचा महिना, आणि माझाही. मी अर्डेलिया टगल. एकोणचाळीस वर्षं मंडळाच्या तळघरात नोंदी सांभाळल्या. शहराच्या शाळेत जो कोणी शिकला त्याचं एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड माझ्याकडे: नाव, पत्ता, विषय, गुण, पास की नापास. साहेब बदलले, कोर्टाचे हुकूम आले आणि गेले, कार्डं तिथंच होती.

मंडळाचा इतिहास लिहायला पुढं कोणी प्रोफेसर येईल. त्यानं कार्डं बघितली तर काम लवकर होईल. जुनी कार्डं दोन खोल्यांत असायची. गोऱ्या शाळांची कोरड्या खोलीत, आमच्या काळ्या शाळांची बॉयलरच्या शेजारी, म्हणून माझ्या आईच्या वयाच्या बायकांच्या गणिताच्या गुणांवर अजून वाफेचे डाग आहेत. मग कोर्टानं सांगितलं, पोरं एकत्र करा. पोरं बसमध्ये घालून शहराच्या या टोकाची त्या टोकाला न्यायला लागले, आणि गोऱ्या आईबापांनी आपली पोरं उचलून चर्चच्या नाहीतर काउंटीच्या शाळांत घातली. मी नोकरीला लागले ते चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत. गोऱ्या कार्डांवर ‘शाळा सोडली’ हा शिक्का मारता मारता माझं मनगट सुजलं होतं. पुढं सगळीच कार्डं आमची झाली, आणि मंडळाचे वाईट दिवस आले असं वर्तमानपत्रं लिहायला लागली.

सतरा जूनला लव्हेटा प्रुइट तळघराच्या पायऱ्या उतरून आली. अंगानं भरलेली, सत्तावन्न वर्षांची, पायात शाळेतले पांढरे बूट. अपंग मुलांच्या वर्गात सतरा वर्षं मदतनीस होती. ज्या पोरांना चमच्यानं भरवावं लागतं, ज्यांचं सगळं करावं लागतं, ती पोरं तिची. मला नुसती तोंडओळख होती, आडनाव ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडे बाई कितीही मोठी असो, ‘मिस’ लावून पहिल्या नावानंच हाक मारायची पद्धत. मिस लव्हेटा एवढंच मला ठाऊक होतं.

“मिस अर्डेलिया, मंडळाचा जीव जायच्या आत माझा डिप्लोमा काढून द्या बाई,” ती म्हणाली. “नंतर मी काय कबरीत हात घालू?”

“कबरीतच बसलेय मी,” मी म्हटलं. “नाव, शाळा, साल.”

लग्नाआधीचं नाव लव्हेटा साइक्स. हॅलोवे हायस्कूल, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. शहर आणि काउंटी मिळून होणाऱ्या नव्या मंडळानं फर्मान काढलं होतं: प्रत्येक मदतनिसानं शाळा पास झाल्याचा पुरावा अठ्ठावीस जूनच्या आत द्यायचा, नाहीतर एक जुलैपासून घरी. जुन्या मंडळानं सतरा वर्षांपूर्वी तिच्या अर्जावर ‘कागद मागाहून’ असं लिहून घेतलं होतं आणि मागाहून कोणी मागितला नव्हता. आमच्या मंडळाची ही माया होती, आणि हाच गलथानपणा.

ती सगळं हसत सांगत होती, पण हातातल्या पर्सचा बंद पिळत होती. तिच्या नवऱ्याच्या, क्लीओटिसच्या, हृदयाची एक झडप बदलायची होती. ऑपरेशन ऑगस्टमध्ये. त्याचा स्वतःचा विमा नव्हता, लाकडाची वखार बंद पडली तेव्हाच गेला होता. तो तिच्या नोकरीच्या विम्यावर होता. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाताळपर्यंत थांबायची सोय नाही.

“घरी असेल की डिप्लोमा,” मी म्हटलं.

घरी नव्हता. शाळा संपल्याच्या समारंभात स्टेजवर तर फक्त रिकामं फोल्डर मिळतं, खरा कागद नंतर ऑफिसातून आणायचा असतो. ते सगळ्यांचंच तसं. तिची आई मॅटी री म्हणाली होती, मी आणते, मी जपून ठेवते. आई वारली त्याला अकरा वर्षं झाली. तिची ट्रंक लव्हेटानं तीनदा उपसली होती.

मी म्हटलं दोन दिवस द्या. दोनाचे पाच झाले. हॅलोवेचे चौऱ्याहत्तरचे कप्पे मी तीनदा चाळले, मग त्र्याहत्तर, पंचाहत्तर, मग साइक्स, सायक्स, सिक्स अशा सगळ्या स्पेलिंगांखाली. कारकुनांनी आमच्या नावांची जी वाट लावलीय ती एकेका कार्डावर दिसते. एकीकडे नव्या मंडळाची माणसं कार्डांचे फोटो काढून कॉम्प्युटरात चढवत होती आणि चढवलेले कप्पे ट्रकमध्ये भरत होती. मला घाई झाली होती. इतकी वर्षं मी गर्वानं सांगत आले होते की माझ्या तळघरात हरवलेलं असं काही नाही.

मग आठवलं. मागच्या भिंतीला एक कपाट होतं, ‘प्रवेश रद्द’. ती कार्डं फोटोला जाणार नव्हती, फाडायच्या यंत्रात जाणार होती. सोमवारी सकाळी मी ते उघडलं आणि दुसऱ्या कप्प्यात लव्हेटा साइक्स सापडली. तोवरचे सगळे विषय पास. इंग्रजीत तर उत्तम. आणि सगळ्यावर तिरपी लाल रेघ, खाली तारीख एकोणीस एप्रिल चौऱ्याहत्तर: ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. प्रवेश व गुण रद्द. ब्रश चार, माणसं पाच.’

अक्षर माझं होतं.

त्या वेळची रीत सांगते. कोर्टानं प्रत्येक शाळेला काळ्या-गोऱ्यांचा आकडा ठरवून दिला होता, म्हणून कुठल्या रस्त्यावरचं पोर कुठल्या शाळेत जाणार हे नकाशावर रेघा मारून पक्कं केलेलं. आणि आमच्या आया त्या रेघांना कधीच जुमानायच्या नाहीत. मावशीचा पत्ता द्यायचा, आजीचा द्यायचा, चर्चमधल्या कोणाचा द्यायचा, पण पोराला बऱ्या शाळेत घालायचं. मग मंडळ तपासणी करायचं. पहाटे दार वाजवायचं आणि पोर तिथं झोपतं का ते बघायचं. बिछान्याबद्दल माणूस खोटं बोलू शकतं, म्हणून हॅस्क्यू नावाच्या आमच्या गोऱ्या साहेबानं युक्ती काढली होती: न्हाणीघरात जायचं आणि दात घासायचे ब्रश मोजायचे. गरीब माणूस तपासणीसाठी जास्तीचा ब्रश विकत आणत नाही, असं त्याचं गणित. साहेब गाडीत बसायचा, आत मला पाठवायचा, कारण काळी मुलगी बघितली की काळ्या बायका दार उघडायच्या. मी तेव्हा वीस वर्षांची. पायमोजे घालून त्या ऑफिसात टायपिंग करणारी पहिली काळी मुलगी. आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटली होती.

ते घर मला लख्ख आठवलं. लव्हेटाची मावशी ओझेला हिनं दार उघडलं. तिला माझं काम कळलं होतं, तरी म्हणाली, पोरी, सकाळी सकाळी उपाशी फिरतेस, आणि गरम पाव फोडून त्यात काकवी घालून हातात दिला. मी तो चावत न्हाणीघरात गेले. कोनाड्यात एक पेला होता. त्यात चार ब्रश.

आणि एक काडी. ब्लॅकगम झाडाची, बोटाएवढी, टोकाला चावून चावून कुंचला केलेली. ओली.

मला ती ओळखू आली नाही असं नाही. माझी आजी मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यातून आली, मरेपर्यंत तिनं तसल्याच काडीनं दात घासले. पाचवं माणूस त्या काडीनं दात घासतं आणि आत्ताच घासून गेलंय, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. पण फॉर्मवर काडीचा रकाना नव्हता. बाहेर हॅस्क्यू इंजिन चालू ठेवून बसला होता. त्याला जाऊन सांगायचं की साहेब, आमच्यातले काही अजून काडी चघळतात? तो हसला असता. नुसता हसला असता, बाकी काही नाही. मला तेवढ्याचीच लाज वाटली. मी लिहिलं, चार.

लव्हेटाला फोन केला. ती दुपारी आली, उन्हाळी वर्गातून निघून, बाहीला कुठल्यातरी पोरानं सांडलेली खीर तशीच. मला तोंड लपवता आलं असतं. कार्ड यंत्रात टाकून, नाही सापडलं बाई, म्हणता आलं असतं. खोटं कशाला सांगू, तसं मनात आलंही होतं. पण मी तिला खुर्ची दिली, कार्ड पुढं ठेवलं, आणि काडीसकट सगळं सांगितलं.

तिनं कार्ड बराच वेळ वाचलं. इंग्रजीच्या गुणांवरून बोट फिरवलं.

“काडी माझी होती,” ती म्हणाली. “ब्रशनं माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. मावशीनं ब्रश आणला होता मला. मी मावसभावाला देऊन टाकला.”

“म्हणजे तुम्ही खरंच तिथं राहायचात.”

“मम्मा नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या घरी चोवीस तासांच्या कामाला होती. रविवारी यायची. मग मी रिकाम्या घरात एकटी झोपू?” मग तिनं कार्डावरची तारीख परत वाचली. “मम्मा गेली होती ना डिप्लोमा आणायला. म्हणजे तिला तेव्हाच सांगितलं असेल त्यांनी.”

मुख्याध्यापक भला माणूस होता, शेवटच्या महिन्यात पोरीला वर्गातून उठवायचं, स्टेजवरून परत पाठवायचं त्याच्या जिवावर आलं असणार. रिकामं फोल्डर तसंही सगळ्यांनाच मिळतं. आईला मात्र ऑफिसात सांगावंच लागलं.

“अठ्ठावीस वर्षं,” लव्हेटा म्हणाली. “विचारलं की म्हणायची, ठेवलाय नीट. मी चिडायचे तिच्यावर, कुठं हरवून बसली म्हणून. शेवटच्या आजारात पण चिडले.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “आणि तू आमचा पाव खाल्लास.”

इतका वेळ मिस अर्डेलिया, तुम्ही, असं चाललेलं. मला ते ‘तू’ लागलं, आणि लागलं ते बरंच झालं.

मी म्हटलं, खोटं कार्ड लिहून देते. कोरी कार्डं होती, मंडळाचा उठावाचा शिक्का माझ्याच टेबलावर होता, नोकरी उरली होती पाच दिवसांची. ती नको म्हणाली. “मी खरी होते तेव्हा खोटी ठरले. आता खोटी होऊन पकडले गेले तर क्लीओटिसला काय तोंड दाखवू?”

मग एकच वाट होती. मंडळाच्या जुन्या नियमांच्या पुस्तकात एक कलम होतं: तपासणी करणाऱ्यानंच आपला शेरा शपथेवर मागे घेतला तर रद्द केलेला प्रवेश पुन्हा धरता येतो. तपासणी करणारी मी. मी जिवंत होते. त्याच संध्याकाळी मी वकिलापुढं बसून लिहून दिलं की पेल्यात काडी होती, मी ती बघितली आणि लाजेपोटी नोंदली नाही. मला वाटलं, सुटलो आम्ही.

मंगळवारी आम्ही दोघी नव्या मंडळाच्या कचेरीत गेलो. तिथं डेनिशा कोलियर नावाची तिशीतली मुलगी होती. आमच्यातलीच, आमच्याच मंडळात शिकलेली, हुशार, बोलायला गोड. तिनं माझं शपथपत्र दोनदा वाचलं. मग नियमांचं पुस्तक वाचलं, आणि मी घाईत जी ओळ नीट वाचली नव्हती तिच्यावर बोट ठेवलं. मागे घेतलेला शेरा मंडळाच्या बैठकीत मंजूर व्हावा लागतो.

मंडळाची शेवटची बैठक आदल्याच मंगळवारी झाली होती. केक कापला होता.

मी म्हटलं, नवीन मंडळाकडे न्या. डेनिशा म्हणाली, जुन्या मंडळाचे निर्णय नव्याला बदलता येत नाहीत, आहेत तसे घ्यायचे असं कोर्टात ठरलंय. मी आवाज चढवला. एकोणचाळीस वर्षांत कधी चढवला नव्हता. तिला म्हटलं, ज्यांनी तिचं नुकसान केलं ते मेले, आणि जे जिवंत आहेत ते म्हणतात आम्ही केलं नाही, मग हिनं जायचं कुठं? ती रडवेली झाली. “मिस अर्डेलिया, मी हे पाठवू कोणाकडे, तेवढं सांगा. पत्ता सांगा, आत्ता पाठवते.”

बुधवारी जुन्या मंडळाच्या एका सभासदाच्या घरी गेले. रेव्हरंड आहेत, ठरावाच्या वेळी सगळ्यात मोठ्यानं बोलले होते की पोरांच्या भल्यासाठी मंडळ सोडतोय. अंगणात शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मला बसवलं, ताट पुढं केलं, आणि म्हणाले की आता त्यांच्या सहीला किंमत नाही, मेलेल्या माणसाची सही चालत नाही. प्रार्थना करू म्हणाले. मी ताटाला हात लावला नाही. गुरुवारी वर्तमानपत्राच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलानं टिपून घेतलं आणि सांगितलं की विलीनीकरणावर या आठवड्यात त्यांची तीन पानं आधीच भरलीत. लव्हेटाच्या मुख्याध्यापिकेनं पत्र दिलं, वर्गातल्या पोरांच्या आयांनी सह्या केल्या. डेनिशानं सगळं फाइलला लावलं. शुक्रवारी पाच वाजता तिनं स्वतः फोन करून सांगितलं की लव्हेटाच्या नावाशिवाय यादी बंद झाली.

लव्हेटाला डिप्लोम्याच्या बरोबरीची मानतात ती परीक्षा देता आली असती. पहिली तारीख सप्टेंबरात होती.

त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाज थकलेला, पण ‘तुम्ही’ परत आलं होतं, आणि त्यानं मला जास्तच परकं वाटलं. शनिवारी सकाळी क्लीओटिसच्या ऑपरेशनाआधीच्या तपासण्या होत्या, विमा चालू होता तोवर करून घ्यायच्या. त्याला गाडी चालवायला मनाई. आजाऱ्यांच्या घरी मदतनीस पुरवणाऱ्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं, त्या लोकांकडे विमा मिळतो असं ऐकलं होतं, त्यासाठी रांगेत उभं राहावं लागणार होतं. तेव्हा त्याला मी न्यावं, असं तिचं म्हणणं.

“त्याला काही बोलू नका,” ती म्हणाली. “नोकरी गेली कळलं तर तो ऑपरेशनला नाहीच म्हणेल. म्हणेल, घर विकायला लावू नको. मी ऑगस्टपर्यंत काहीतरी करते. कसं ते मला माहीत नाही. पण त्याचं हो तेवढं कायम राहू दे.”

क्लीओटिस दारातच उभा होता, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला हॅट. उंच माणूस, आता कपड्यांत सैल झालेला. गाडीत बसताना दोनदा थांबून श्वास घेतला. वाटेत मला म्हणाला, तळघर उपसून माझ्या बायकोचा कागद शोधून काढणाऱ्या त्या तुम्हीच ना. ती घरी आली तेव्हा रडत होती, मी म्हटलं, अगं, सापडला ना, मग रडतेस कशाला. मी समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

इस्पितळातल्या खिडकीत एक मुलगी होती. तिनं त्याचं विम्याचं कार्ड घेतलं, पडद्यावर बघितलं, आणि चौदा ऑगस्ट ही तारीख चालेल का म्हणून विचारलं.

“लिहा,” क्लीओटिस म्हणाला. “माझ्या बायकोला सांगतो, केक करून ठेव.”

मुलगी म्हणाली, जुलैपासून शहराच्या शाळांच्या बऱ्याच लोकांचे विमे बदलतायत, काहींचे बंद होतायत, म्हणून विचारावं लागतं. तुमचा तोच राहणार ना?

“सतरा वर्षं तोच आहे. तिची नोकरी पक्की झाली परवा. कागद मिळाला तिचा.” आणि तो माझ्याकडे वळला. त्याला धाप लागली होती, तरी हसत होता. “यांनीच दिला. सांगा तिला, मिस अर्डेलिया.”

मुलगी बोटं कळांवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हटलं.